मारवा ऐकताना सुचलेली कथा

लिहिताना संगीत ऐकावे असे सांगणारे बहुतेक जण मनःस्थितीविषयी बोलतात. मला मात्र संगीतातून रचना अधिक मिळते. मारवा या रागात पंचम (प) वर्ज्य असतो, म्हणजे घेतलाच जात नाही, ऋषभ (रे) कोमल असतो आणि षड्ज (सा), म्हणजे खुद्द आधारस्वर, गायक बराच वेळ टाळत राहतो, म्हणून त्या रागाची सायंकाळ इतकी अस्वस्थ वाटते. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराची कथा लिहीत असताना, मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर मात करत मी हा राग ऐकत होतो. दुकानदाराचा मुलगा घर सोडून गेल्याचा उल्लेख मी दुकानातल्या प्रसंगातून काढून टाकला. बाप फक्त तराजूची पारडी पुन्हा पुन्हा पुसतो, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते. न सांगितलेली गोष्टच तिथे आधारस्वर झाली.

गझलेने वेगळे काही दिले. नागपुरात गझलकार सुरेश भटांच्या नावाचे सभागृह रेशीमबागेत आहे, त्यामुळे इथल्या लिहिणाऱ्याला गझल टाळता येत नाही (टाळूही नये). रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द, तोच राहतो, पण प्रत्येक शेरात (दोन ओळींच्या कडव्यात) त्याच्याआधीचा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बदलतो आणि जुन्याच शब्दांना नवा अर्थ चढतो; संवादांत तेच वाक्य दोन पात्रांच्या तोंडी घालताना मी हे तत्त्व वापरतो.

प्रत्यक्ष मजकूर उतरवताना मात्र बंदिश किंवा गाणे नको. दुसऱ्याचे शब्द कानात असले की आपली वाक्ये त्यांच्याच चालीवर पडू लागतात. तेव्हा सतार किंवा सरोद बरी.