तुम्ही विचारलंत म्हणून: बिमारी डोक्याची, मग हातापायांची चौकशी कशाला?

मी नागपुरात मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. पेशंट समोर बसला की मी विचारायला लागते: सकाळी उठताना अंग कसं वाटतं? जिना चढताना पाय साथ देतात का? दुपार सरते की सरतच नाही? घरात चार माणसं बोलत असली की त्यांचा आवाज जवळून येतो की लांबून? थोडा वेळ हे चाललं की सोबत आलेला भाऊ किंवा सासू अस्वस्थ होते. "म्याडम, बिमारी तं डोक्याची हाय ना जी? मंग हातापायाचं काहून विचारून राह्यल्या?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते. मेंदूचा संबंध आहेच. ज्याला गोळ्या लागतात त्याने त्या घ्याव्यात, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण बिघाड मेंदूत असला तरी आजार भोगतो अख्खा माणूस, आणि भोगतो शरीरानेच.

एरवी शरीर आपल्या ध्यानीमनीही नसतं. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून जाताना नजर दुकानांवर असते, हातात मुलाचं बोट असतं आणि पाय आपले वाट काढत राहतात. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ साली आकलनावरच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं, की जग आपल्याला कळतं ते या वावरणाऱ्या शरीरामुळे. डिप्रेशनमध्ये नेमकं हेच मोडतं. हायडेलबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ थॉमस फुक्स यांनी लिहिलंय, की ज्या शरीराच्या बळावर आपण जगात शिरतो, तेच जड आणि आवळलेलं होऊन वाटेत आडवं येतं. इकडची माणसं हे कुठलाही ग्रंथ न वाचता सांगतात. "अंगात जीवच नाही राह्यला." "छातीवर काही ठेवल्यावानी वाटते." सावजीचा झणझणीत रस्सा पुढे असतो आणि जिभेला काही लागत नाही. न्हाणीघर चार पावलांवर असतं, पण तिथवर जाणं होत नाही. घरचे म्हणतात, ऊठ, अंघोळ कर, बरं वाटेल. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण चार पावलं त्यांच्यासाठी चार आहेत, त्याच्यासाठी नाहीत, आणि याला आळस म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

वेळेचंही तसंच. पॅरिसमध्ये काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ युजीन मिन्कोव्स्की यांनी १९३३ साली, माणूस काळ कसा अनुभवतो यावर पुस्तकच लिहिलं. डिप्रेशनमध्ये पुढचा काळ बंद होतो, हे त्यांना रुग्णांच्या सहवासात दिसलं. ज्याच्यापुढे उद्या उरलेलाच नाही, त्याला "होईल सगळं ठीक" हे शब्द पोचणार कसे?

आता तुमचा दुसरा मुद्दा: "आपली माणसं मनाचं बोलतच नाहीत, नुसतं डोकं दुखते, हातपाय दुखते म्हणतात." हे मला पटत नाही. १९९९ साली १४ देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डिप्रेशन असलेल्या १,१४६ जणांपैकी ६९ टक्क्यांनी डॉक्टरकडे जाण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. म्हणजे ही काही आपलीच खोड नव्हे. थेट विचारल्यावर मात्र मनाची लक्षणं नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. आणि जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे फक्त अंगदुखी सांगणारे जास्त होते. विचारणारा हवा, तोही ओळखीचा, एवढाच याचा अर्थ मी घेते. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगून घरी पाठवलेली माणसं मी पाहते. हृदय ठणठणीत आहे हे कळणं चांगलंच, पण छातीतली ती धडधड त्याने खरोखर अनुभवलेली असते.

स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारात गोष्ट वेगळी असते. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ वोल्फगांग ब्लांकेनबुर्ग यांनी १९७१ साली अ‍ॅन या नावाने एका तरुणीविषयी लिहिलं. भास, संशय असलं ठळक तिच्यात फारसं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की काहीतरी अगदी छोटं माझ्यात नाही, पण त्याच्याशिवाय जगता येत नाही. लोकांत कसं वागायचं, कुठे काय शोभतं, हे इतरांना न शिकता येतं. तिला प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागे. तुमचा मुलगा दारात पाहुणे आले की नुसता उभा राहतो, ना बस म्हणत ना आत जात, तेव्हा तो उद्धट आहे असं ठरवण्याआधी अ‍ॅन आठवा.

आजार माणसाला आतून कसा जाणवतो हे पाहण्याच्या या विचाराची सुरुवात जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांच्यापासून धरतात. १९१३ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी मनोविकारशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. आजार कशामुळे झाला हे शोधणं वेगळं आणि तो माणसाला कसा जाणवतो हे समजून घेणं वेगळं, दोन्ही लागतं, हे त्यांचं सांगणं मला आजही रोजच्या कामात उपयोगी पडतं.

पण म्हणून शरीरावर काम केलं की सगळं सुटतं, असा दावा मी करणार नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या २७५ रुग्णांवर देहकेंद्री मानसोपचाराची, म्हणजे शरीराच्या हालचाली आणि जाणिवांमधून केलेल्या उपचाराची, मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. कोमेजलेपणा, अलिप्तपणा अशा लक्षणांवर पिलाटेसच्या व्यायामापेक्षा त्या उपचाराचा ठोस जास्त फायदा दिसला नाही. आजार समजणं आणि त्यावर इलाज सापडणं यांत अंतर आहे, आणि ते लपवून कुणाचं भलं होत नाही. थकवा दिसला की थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यायला मी सांगतेच; शरीराचं ऐकायचं तर त्यात हेही आलं.

घरी तुम्हीही विचारू शकता. "काय टेन्शन आहे?" याला बहुतेकदा "काही नाही" असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: आज अंग कसं वाटतंय? कोणत्या वेळी जास्त जड जातं? कुणाजवळ बसलं की थोडं हलकं वाटतं? उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका, आणखी एक प्रश्न विचारा. पुढच्या भेटीला येताना ते सगळं मला सांगा, लिहून आणलंत तर आणखी बरं. आणि जगणं नकोसं झाल्याची भाषा कानावर आली, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.