एडी सापडते, आतलं पाणी कुठे जातं ते विचारू नका

पीएचडीला समुद्रातल्या एडी (पाण्याचे मोठे फिरते भोवरे) घेतल्या असतील तर आधीच सांगतो, एडी शोधणं हा सोपा भाग आहे. माझा विषय ग्रेट व्हर्ल, म्हणजे नैऋत्य मान्सूनमध्ये सोमालियाजवळ घड्याळाच्या दिशेने फिरणारा शेकडो किलोमीटरचा भोवरा. कोपर्निकस मरीनवर अकाउंट काढलं, समुद्रपातळीचा रोजचा डेटा फुकट मिळतो, पाय-एडी-ट्रॅकर हे एडी शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, मध्ये फुगवटा आणि भोवती बंद कॉन्टूर (समान समुद्रपातळीची रेषा), झालं काम.

गाडी अडली ती प्रोग्रेस रिपोर्टच्या फॉर्मवर. त्यात ‘ट्रान्सपोर्ट’ (एडी किती पाणी वाहून नेते) असा एकच रकाना आणि कमिटीला त्यात एकच आकडा हवा, तोही स्वेरड्रुपमध्ये (1 स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला 10 लाख घनमीटर). क्षेत्रफळ गुणिले खोली करा, वेळेने भागा, संपलं म्हणे. अहो पण आतलं पाणी आतच राहतं हे कुणी ठरवलं? कॉन्टूर म्हणजे त्या दिवसाचा फोटो. पार्सल्स या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टूरभर पाण्याबरोबर वाहणारे आभासी कण सोडून दाखवले, तर कडेचे कण लांब शेपट्या काढत बाहेर, बाहेरचे आत, आणि कॉन्टूर आपला जागेवर जसाच्या तसा. फिरण्याचा वेग सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर एडी पाणी धरून ठेवते हे खरं, पण ते गाभ्यापुरतं. शिवाय अगुल्हास रिंग (दक्षिण आफ्रिकेजवळ सुटणारी एडी) असती तर एक वेळ समजलो असतो, त्या हिंदी महासागराचं पाणी खरंच अटलांटिकमध्ये नेतात, ग्रेट व्हर्ल कुठे एवढा प्रवास करतो? खोलीचं तर विचारूच नका, सॅटेलाइटला दिसतो फक्त वरचा पृष्ठभाग, खालचं कळायला आर्गो फ्लोट (खाली-वर जात पाणी मोजणारं तरंगतं यंत्र) नेमका एडीच्या आत असावा लागतो. एवढं सगळं लिहून दिलं तरी फॉर्म परत, शेरा काय तर ‘आकडा नमूद करावा’. डोकं फिरलं नुसतं.

शेवटी प्रत्येक कणाच्या वाटेवरची व्हॉर्टिसिटी (पाण्याची गिरकी) बेरीज करत न्यायची पद्धत वापरली (हॉलर आणि मंडळींची, 2016ची), त्यात न फुटणारा गाभा वेगळा दिसतो आणि तो कॉन्टूरपेक्षा बराच लहान निघाला. मग त्या एका रकान्यात बारीक अक्षरात दोन आकडे कोंबले, एक कॉन्टूरचा, एक गाभ्याचा. सही झाली! अजूनही तो फॉर्म बघून बरं वाटतं.

हां, एडी शोधायला ओकुबो-वाइस ही पद्धत वापरणार असाल तर त्यात समुद्रपातळीचं दोनदा डेरिव्हेटिव्ह येतं, सगळा नॉइज वर येतो आणि खोट्या एड्यांचा पाऊस पडतो. विषुववृत्ताला चिकटून तर जाऊच नका, तिथे कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम) शून्याकडे जातो, जिओस्ट्रॉफिक, म्हणजे समुद्रपातळीच्या उतारावरून काढलेल्या वेगांवर भरवसा नाही. आणि किनाऱ्याला लागून अडकलेले कण मोजणीआधी काढा, नाहीतर टक्केवारी बिघडते आणि परत तोच फॉर्म.