देशी झाडांचं अन्नवन लावताना मी अडकलो ते बियांपाशी

अन्नवन म्हणजे जंगलासारखी थराथरांत लावलेली, खाण्याजोगं देणाऱ्या झाडांची बाग. तिच्याविषयी सगळीकडे थरांचीच चर्चा वाचायला मिळते. इंग्लंडमध्ये श्रॉपशायरला रॉबर्ट हार्ट यांनी १९६० च्या दशकात आपली वनबाग उभी केली. उंच झाड, लहान झाड, झुडूप, पालेभाजी, जमिनीवर पसरणारं, कंद आणि वेल हे ७ थर त्यांनीच मांडले. माझा आराखडा त्यावरूनच झाला. खड्डे, पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी, सगळं सुरळीत पार पडलं. शेवग्याने तर लगेच डोकं वर काढलं.

घोडं अडलं ते जांभूळ आणि फणसापाशी. नर्सरीत जी रोपं होती ती सगळी कलमं, आणि मला हवी होती बियांची झाडं. एका विक्रेत्याकडे दोन्हींच्या बिया मिळाल्या. छान वाळवलेल्या, पाकीटबंद, वर "देशी" असं ठळक छापलेलं. पेरल्या आणि पाणी घालत राहिलो. पिशव्यांत हालचाल नाही. विचारलं तर उत्तर एकच, "देशी बी आहे, वेळ लागतो, धीर धरा." मी धीर धरला आणि पावसाळा हातचा गेला. शेवटी पिशव्या उकरल्या तर आत बुरशी धरलेलं भुसकट.

त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. जांभळाची बी आणि फणसाची आठळी वाळली की मरते. त्यांच्यातला ओलावा हाच त्यांचा जीव. त्या पाकिटात भरून ठेवण्याच्या बियाच नव्हेत. विकणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं, आणि नसेल तर निदान लोकांना धीर धरायला तरी सांगू नये.

पुढच्या हंगामात जांभळं खाल्ली, बिया धुतल्या आणि लगेच सावलीत पेरल्या. थोड्याच आठवड्यांत कोंब दिसले! एकेका बीतून दोन-तीन कोंब आले. हा जांभळाचा स्वभावच आहे, ते उपटू नका. थोडे वाढले की जपून वेगळे करा. फणसाची आठळी मात्र थेट कायमच्या जागी लावा, त्याच्या सोटमुळाला हलवलेलं सोसत नाही.

आवळ्याचं बरोबर उलटं. पिकलेल्या फळाची आठळी उन्हात ठेवा. ती तडकते आणि आतल्या बारीक बिया सुटतात. त्या भिजवून तळाशी बसतील तेवढ्याच घ्या. बोराच्या आठळीचं कवच हलक्या हाताने फोडून आतली बी पेरली तर महिनोन्‌महिने ताटकळावं लागत नाही. चिंचोके आदल्या दिवशी भिजवले तरी काम होतं. प्रत्येक बीची तऱ्हा वेगळी, म्हणून "देशी बी" असं सरसकट सांगणाऱ्यावर विसंबू नका. बी कोणत्या झाडाची, आणि फळातून कधी काढली, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

करटोलीचं सांगायचं राहिलं. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बीवरून लावला तर फूल येईपर्यंत काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा फळ धरणाऱ्या वेलाचे कंद मिळवा. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो, पण तो हवाच. हिवाळ्यात वेल वाळून नाहीसा होतो, कंद खाली जिवंत असतो. तिथे खुंटी ठोकून ठेवा, नाहीतर मोकळी जागा समजून कुणीतरी कुदळ घालतं.

आणि हो, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड जमिनीला नत्र मिळण्यासाठी चांगलं असलं तरी ते मध्य अमेरिकेतलं आहे. नत्र धरणारं देशी झाड हवं असेल तर पांगारा लावा. माझ्याकडे जांभळाची जादा रोपं आता याच पांगाऱ्याच्या सावलीत वाढताहेत, आणि मागायला येणाऱ्याला मी ती पेरल्याची तारीख सांगूनच देतो.