तुम्ही विचारलंत म्हणून: चूक माझी, मग भांडलो कशाला?

धानोरीत मला सगळे मेजर म्हणतात. मी शिपाई होतो. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्यामुळे दुरुस्त करत बसायचं मी सोडून दिलंय. तर हे मेजर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर गालाला वस्तरा लावलेला असताना एकच प्रश्न ऐकत आलेत: ‘चूक तुमचीच होती असं तुम्हीच सांगता, मग फौजेनं घरी पाठवलं म्हणून सात वर्षं केस कशाला लढलात?’

आधी चूक सांगतो. तेरा वर्षं चार महिन्यांच्या नोकरीत माझ्या नावावर चार रेड एंट्री पडल्या. फौजेत शिक्षा झाली की कंडक्ट शीटवर नोंद होते, किरकोळ असेल तर काळ्या शाईनं, मोठी असेल तर लाल. पहिली दारूची. ती माझीच, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरी आणि तिसरी सुट्टीवरून उशिरा हजर झाल्याची, नऊ दिवस आणि सतरा दिवस. चौथी सुभेदार साहेबांना उलटून बोलल्याची, आणि बोललो ते वाईटच बोललो होतो.

त्यातल्या सतरा दिवसांचं सांगतो. मुलगी चार वर्षांची होती. सुट्टी संपायला दोन दिवस असताना तिला न्यूमोनिया झाला. भोरहून रात्री जीपनं पुण्याला आणली. दवाखान्यातल्या बाकड्यावर मी झोपायचो, उशाला तिचा स्वेटर घ्यायचो. युनिटला फोन लावला तर एक्स्चेंजवरचा पोरगा म्हणाला, ‘बता देंगे.’ त्यानं सांगितलं की नाही, देव जाणे. सुट्टी वाढवायचा रीतसर अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला मी पाठवायला हवा होता. पाठवला नाही. परत गेल्यावर टोपी-बेल्ट काढून सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, साहेबांसमोर मार्च केलं. ‘कबूल?’ ‘कबूल, साब.’ अठ्ठावीस दिवसांची शिक्षा. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दोन मिनिटं झाली नसतील.

चौथी एंट्री पडल्यावर २०११ मध्ये घरी पाठवलं. कारणे दाखवा नोटीस सकाळी हातात आली आणि तिच्या उत्तराखाली संध्याकाळी सही झाली. उत्तर क्लार्कनंच लिहिलं होतं. डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’. बायकोनं विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, आता गरज नाही. ‘कशाची?’ ‘माझी.’ शिपायाला पेन्शन पंधरा वर्षांनी. मला वीस महिने कमी पडले. पेन्शन नाही म्हणजे त्यामागून येणारा फौजेचा दवाखानाही नाही.

चार रेड एंट्री झाल्या की घर, हे आम्ही रंगरूट असल्यापासून ऐकत आलो होतो. मला तो कायदाच वाटायचा. खडकीत एका निवृत्त हेडक्लार्कनं माझा गैरसमज काढला. आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खाली असा डिस्चार्ज देता येतो, पण द्यायलाच पाहिजे असं नाही. आर्मी हेडक्वार्टर्सचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. त्यात म्हटलंय की आधी प्राथमिक चौकशी करा, प्रत्येक एंट्री कशाची आहे ते बघा, जवानाची किती नोकरी झाली, कुठल्या कठीण जागी झाली ते विचारात घ्या, आणि पेन्शन जवळ आलेल्याशी कठोर वागू नका. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हेच धरलं: चौकशी न करता नुसत्या चार एंट्री मोजून काढता येत नाही.

माझी चौकशी झालीच नव्हती. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर, मी माझे कागद मागवले. कंडक्ट शीटची झेरॉक्स आली. तिच्यात लाल शाईही काळीच आली होती.

पुढची पायपीट थोडक्यात. वरपर्यंत तक्रार आधीच केली होती, ती दोन ओळींत फेटाळली गेली होती. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ. तिथं सहा महिन्यांच्या आत जायचं असतं. मी त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेलो होतो, म्हणून उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज. सुट्टीवरून उशीर, कोर्टात उशीर. वकीलसाहेब हसले, मीही हसलो. मग सव्वासातची डेक्कन क्वीन, डब्यात पोळीभाजी, आणि दुपारी पुढची तारीख.

खंडपीठावर दोघं असतात, एक न्यायाधीश आणि एक निवृत्त मोठे अधिकारी. एका तारखेला त्या अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, ‘सतरा दिवस हा माणूस कुठे होता, हे कुणी विचारलं होतं का?’ वकिलांनी फाईल पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. मी मागच्या बाकावर होतो. मला तेव्हा घरी जावंसं वाटलं. निकालाची तितकी ओढ राहिली नव्हती.

निकाल २०१८ मध्ये आला. डिस्चार्जचा हुकूम रद्द. पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत मी नोकरीत होतो असं धरून पेन्शन. मधल्या काळाचा पगार नाही, आणि थकबाकी अर्ज करण्याच्या आधीच्या तीनच वर्षांची. चारही एंट्री आहेत तिथंच आहेत. त्या पुसा असं मी मागितलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात विश्रांतवाडीचा एक पोरगा आला. बारा वर्षं नोकरी, पुस्तकात तीच ओळ. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, ‘मेजर, वकिलाचा नंबर द्या.’ मी म्हटलं देतो, आधी सांग, सुट्टीवरून उशीर का झाला होता?

चहा दोनदा झाला. आमच्या हिनं शेवटी त्याचंही ताट वाढलं.