जनरल म्हणजे कशात?

"अगं पण जनरल म्हणजे नक्की कशात?"

आत्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे न्यू जर्सीत दुपारचे बारा, मी कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पोळीभाजी खातेय, क्लासला 20 मिनिटं. म्हटलं, जनरल स्टडीजची असोसिएट डिग्री आहे गं, म्हणजे दोन वर्षांची पदवी, 60 क्रेडिट्स, थोडं इंग्लिश, थोडं गणित, एखादं सायन्स, बाकी बरेचसे विषय आपले आपण निवडायचे.

"म्हणजे थाळी नाही, बुफे!" आणि स्वतःच हसली.

मीही हसले, पण स्टॅटिस्टिक्सच्या क्लासभर तेच डोक्यात. कारण माझ्या यादीत खरंच सायकॉलॉजीशेजारी सिरॅमिक्स आहे, तेही मंगळवारी संध्याकाळी दुसरं काही बसत नव्हतं म्हणून घेतलेलं. नखांत अजून माती आहे. आणि पुढे चार वर्षांच्या कॉलेजात गेले तर सगळे क्रेडिट्स धरतीलच असं नाही, हे अ‍ॅडव्हायझरनं आधीच सांगितलंय. ते आत्याला नाही सांगितलं!

दहावीनंतर मी कॉमर्सला गेले ते दादाची पुस्तकं घरात होती म्हणून. तेव्हा कुणीच विचारलं नाही, कॉमर्स म्हणजे नक्की कशासाठी.

मग आता चाळिशीत पहिल्यांदा स्वतः निवडतेय तर सांगताना मीच अशी चाचरते का?