हुलकावणी, नोंद तिसरी : न दिसणाऱ्या गोळीचा माग

काल रात्री साडेअकराला आमच्या 'हुलकावणी' या रोबोटनं 'क्रेझी' या रोबोटला वीसच्या वीस फेऱ्यांत हरवलं आणि पडद्यावर एकही खोटं वर्तुळ, म्हणजे न सुटलेल्या गोळीचं वर्तुळ, उमटलं नाही. या खोट्या वर्तुळांपायी आमचे अकरा दिवस गेले, त्यामुळे आजची नोंद सगळी त्यांचीच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: आमच्या विभागाची रोबोकोड स्पर्धा आहे. रोबोकोड म्हणजे कोड लिहून पडद्यावरचे रणगाडे-रोबोट लढवायचा खेळ. दोघांची टीम, एकास एक लढत, मैदान नेहमीचं 800 बाय 600 पिक्सेल, भाषा जावा. टीममध्ये मी आणि माझी रूममेट, दोघी दुसऱ्या वर्षाला. रोबोट एकदा मैदानात सोडला की आपण कशालाही हात लावायचा नाही. कधी वळायचं, कुठे रडार फिरवायचं, कधी गोळी सोडायची, हे सगळं आधी लिहून ठेवलेलं कोड ठरवतं. हा खेळ मॅथ्यू नेल्सन यांनी लिहिला, 2001 मध्ये आयबीएमनं तो लोकांपुढे आणला, आणि 2005 पासून तो मुक्त स्रोत आहे. फ्लेमिंग लार्सन यांनी पुढे वर्षानुवर्षं तो सांभाळला. आता कुठल्याही भाषेत रोबोट लिहिता येईल अशी 'टँक रॉयल' नावाची नवी आवृत्तीही आहे, पण आमच्या स्पर्धेत जुनाच, जावावाला आहे. मला तोच आवडतो. जावा मी वर्गात शिकले, पण ऑब्जेक्ट म्हणजे काय हे मला इथे कळलं.

आता मुद्द्याचं. रोबोकोडमध्ये रोबोटला शत्रू दिसतो, त्याची गोळी दिसत नाही (पडद्यावर आपल्याला दिसते). रडार तुम्हाला शत्रूची दिशा, अंतर, वेग आणि एनर्जी सांगतं, बस. मग गोळी चुकवायची कशी? तर एनर्जीवरून. प्रत्येक रोबोट 100 एनर्जी घेऊन उतरतो आणि गोळी मारायची तर तिच्या शक्तीइतकी एनर्जी स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. ही शक्ती 0.1 ते 3 यांच्यामध्ये असते. म्हणजे शत्रूची एनर्जी एका टिकमध्ये (खेळाच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) 2 नं घसरली, तर त्यानं 2 शक्तीची गोळी सोडली. गोळीचा वेगही त्यावरूनच निघतो: 20 वजा शक्तीची तिप्पट, म्हणजे इथे टिकला 14 पिक्सेल. ती नेमकी कुठल्या दिशेनं येतेय ते कळत नाही, पण शत्रूपासून किती अंतरावर पोचली असेल ते पक्कं कळतं. विहिरीत खडा टाकल्यावर तरंग पसरतो ना, तसं ते पसरत जाणारं वर्तुळ. याला 'वेव्ह' म्हणतात, आणि वरच्या फळीतल्या रोबोटांचं गोळ्या चुकवणं या वेव्हवरच उभं आहे.

यासाठी एनर्जी दर टिकला वाचायला हवी. रडार टिकला 45 अंश फिरतं, त्यामुळे पूर्ण गिरकी घ्यायला 8 टिक लागतात, आणि तेवढ्यात शत्रू 64 पिक्सेल सरकू शकतो. म्हणून आम्ही आधी रडार शत्रूवर अडकवून ठेवलं: शत्रूची दिशा आणि रडारची दिशा यांच्यातला जो फरक असेल त्याच्या दुप्पट वळायचं. एका ओळीचं काम आहे. फक्त तो फरक उणे 180 ते 180 मध्ये आणून घ्या, नाहीतर 10 अंश डावीकडे जायचं सोडून रडार 350 अंश उजवीकडे निघतं. यात आमची अख्खी दुपार गेली होती, तुमची जाऊ नये.

हुलकावणीचं चालणं अजून साधं आहे. शत्रूला आडवी राहून ती एका बाजूला सरकते, आणि गोळी सुटल्याचं कळलं की उलट दिशेला पळते. आपण जिथे आहोत तिथेच नेम धरणाऱ्या रोबोटांपुढे एवढंही पुरतं. भिंतीच्या कडेनं फिरणाऱ्या 'वॉल्स' या नमुना रोबोटच्या बहुतेक गोळ्या तिनं सहज चुकवल्या. 'क्रेझी'पुढे मात्र ती जागच्या जागी मागेपुढे करत मार खायला लागली. क्रेझी! आपल्याच नादात वाकडातिकडा हिंडणारा, खेळासोबत नमुन्यादाखल मिळणारा रोबोट. आम्हाला दोघींना झोप लागेना.

शेवटी प्रत्येक वेव्ह मैदानावर रंगवायची ठरवली. त्यासाठी 'ऑनपेंट' नावाची पद्धत आहे. त्यात वर्तुळ काढा आणि लढाईच्या वेळी रोबोटच्या कन्सोलवर 'पेंट' चालू करा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं असं आता वाटतं. लढाईचा वेग खालच्या पट्टीवरून सेकंदाला पाच टिकवर आणला आणि बघत बसलो. क्रेझी भिंतीकडे गेला, भिंतीला टेकला, आणि तिथूनच नवं वर्तुळ निघालं. गोळी दिसेना. पुन्हा भिंत, पुन्हा वर्तुळ.

कन्सोलवर आकडे छापले तेव्हा उलगडलं. एनर्जी 97, पुढच्या टिकला 95.5. घट 1.5. मी क्रेझीचा सोर्स कोड उघडला, तर तो फक्त 1 शक्तीची गोळी मारतो, दुसरी नाहीच. मग 1.5 आली कुठून? रूममेटनं शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं: आधीच्या टिकला वेग 5, या टिकला 0. 'अ‍ॅडव्हान्स्डरोबोट' या खेळातल्या प्रगत वर्गावरून बनलेला रोबोट भिंतीवर आपटला की वेगाच्या निम्म्यातून 1 वजा करून उरेल तेवढी एनर्जी गमावतो. अडीच वजा एक, दीड! पूर्ण 8 वेगानं आपटला तर बरोबर 3, म्हणजे थेट सगळ्यात जड गोळीचा आकडा. वॉल्स साध्या 'रोबोट' वर्गातला आहे, त्याला भिंतीचं नुकसान होतच नाही, म्हणून त्याच्याशी लढताना हे कधी उघड झालं नव्हतं. आमची बिचारी हुलकावणी प्रत्येक आपटण्याला गोळी समजून उलटी फिरायची, मग खरी गोळी सुटली की परत उलटी, आणि नेमकी नेमाच्या जागी येऊन उभी राहायची.

उपाय भिंतीच्या नियमातच होता. ब्रेक लावून रोबोटचा वेग टिकला जास्तीत जास्त 2 नं कमी होतो. 5 वरून एकदम 0 झाला म्हणजे तो कशावर तरी आपटलाच. असं दिसलं की घटीतून आपटण्याचं नुकसान वजा करायचं आणि उरलं तरच गोळी धरायची. एकमेकांना धडकल्यावर दोघांचेही 0.6 जातात, तेही वजा.

तेवढ्यावर भागलं नाही. आमची गोळी शत्रूला लागली की त्याची एनर्जी शक्तीच्या चौपटीनं उतरते, शक्ती 1 च्या वर असेल तर आणखी थोडी. उलट त्याची गोळी आम्हाला लागली की त्याला शक्तीच्या तिप्पट परत मिळते. समजा शत्रूनं 2 शक्तीची नवी गोळी सोडली आणि त्याच टिकला त्याची आधीची, 2 चीच, आम्हाला लागली. त्याची एनर्जी 2 नं उतरून 6 नं चढली, आम्हाला 4 ची वाढ दिसली आणि ती नवी गोळी कोडच्या नजरेतून साफ निसटली. मार खातानाच पुढचा मार दिसत नव्हता. आता 'शत्रूची अपेक्षित एनर्जी' असा एक आकडा ठेवलाय. गोळी लागल्याच्या घटना त्याच टिकच्या रडार-स्कॅनच्या आधी हातात येतात, त्यामुळे तो आकडा आधी दुरुस्त होतो आणि मग स्कॅनच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

शेवटची चाळणी गनच्या उष्णतेची. गोळी मारल्यावर गन 1 अधिक शक्तीचा पाचवा भाग इतकी तापते आणि टिकला 0.1 नं निवते; पूर्ण निवेपर्यंत पुढची गोळी सुटत नाही. 2 शक्तीच्या गोळीनंतर 14 टिक शत्रू काहीच मारू शकत नाही. फेरीच्या सुरुवातीला गन 3 वर तापलेली असते, म्हणजे पहिले 30 टिक सगळेच गप्प. या काळात दिसलेली घट गोळीची असूच शकत नाही.

वेव्ह आखताना एक लक्षात ठेवा: घट दिसते तोवर गोळी सुटून एक टिक झालेला असतो. वर्तुळाचं केंद्र शत्रूच्या आत्ताच्या जागी धरू नका, मागच्या टिकच्या जागी धरा. आम्ही हे बदलल्यावर पडद्यावरची वर्तुळं आणि गोळ्या अगदी बरोबरीनं चालायला लागल्या. गोळी वर्तुळाच्या कडेवर बसलेली पाहिली तेव्हा रूममेट खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागली.

आता गनचं काम. सध्या शत्रू सरळ रेषेत जाईल असा अंदाज बांधतोय, त्यामुळे गोल फिरणाऱ्या 'स्पिनबॉट'वर गोळ्या वाया जातात. दर टिकला शत्रू किती वळतो ते धरून वर्तुळाचा अंदाज लिहायला घेतलाय. शक्तीचंही ठरायचंय: 3 ची गोळी लागली तर 16 नुकसान, पण ती 11 नं रांगते, 2 ची 10 चं नुकसान करते आणि 14 नं जाते. माझा कौल 2 ला, रूममेटचा जवळून 3 आणि लांबून 2 ला. शनिवारी तिसऱ्या वर्षाच्या टीमशी सराव सामना आहे, त्यात निम्म्या फेऱ्या तिच्या हिशेबानं खेळणार, निम्म्या माझ्या.