डोकं २८ चं, विंग ८ ची

शिरोड्याला मामाच्या खळ्यात पॅराग्लायडरच्या विंगची, म्हणजे कापडी पंखाची, पिशवी उतरवली. मामाने आत हात घालून कापड बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "आणि ह्येका इंजीन खंय आसा?"

इंजिन नसतं, म्हटलं.

"मगे पडात मां!"

मामीने हसून पेज वाढली, पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं. गोव्यातलं केरीचं पठार शिरोड्यापासून लांब नाही. २०२५ च्या जानेवारीत तिथे पॅराग्लायडिंगमध्ये पर्यटक आणि पायलट अशा दोघांचा जीव गेला. ती बातमी इथे अजून कुणी विसरलेलं नाही. मी कुठल्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उडाले ते म्हणूनच इथे लिहीत नाही. वेंगुर्ला तालुक्यातला एक सडा, एवढंच. कुणीतरी हे वाचून सरळ पिशवी घेऊन तिथे जायला नको.

मी मूळची हडपसरची. म्हणजे राहायला नव्हे, उडायला. पंचवीस वर्षांपूर्वी तिथल्या ग्लायडिंग सेंटरात विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ब्लॅनिक नावाचं बिनइंजिनाचं ग्लायडर वर खेचायचे, हजारेक फुटांवर दोर सुटायचा आणि मग थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सापडला तर ठीक, नाहीतर दहा मिनिटांत खाली. सिल्व्हर बॅजच्या तीन अटी असतात: पाच तास हवेत राहणं, १००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर कापणं, म्हणजे क्रॉस-कंट्री. पहिल्या दोन झाल्या. ५० किलोमीटर राहिले ते राहिलेच. मग नोकरी, लग्न, आईचं आजारपण. कारणं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावर वेळ घालवत नाही.

परतायचं ठरवलं तेव्हा अख्खं ग्लायडर विकत घेऊन ठेवणार कुठे? म्हणून पॅराग्लायडर घेतलं. कामशेतला उडणाऱ्या एकाकडून सेकंडहँड, सुरक्षेच्या बी श्रेणीचं, सत्तरेक तास उडालेलं. कापडातून हवा किती झिरपते ते तपासून घेतलं, लाइन्सची, म्हणजे विंगला लटकवणाऱ्या दोऱ्यांची, लांबी मोजून घेतली. मला मात्र ते नवंकोरंच वाटत होतं. बॅगेत मावणारं विमान!

सगळ्यांचा सल्ला होता, पहिल्यांदा कामशेतलाच जा. मी कोकण निवडलं. अंतर कापायला कोकण किनारा तसा निरुपयोगीच आहे. समुद्रावरून येणारी हवा थंड आणि स्थिर असते, तिच्यात थर्मल उठत नाहीत. ते हवे असतील तर आत सह्याद्रीकडे जावं लागतं. पण याच कारणाने इथली हवा गुळगुळीत असते. पंचवीस वर्षांनी हात बसवायला मला तशीच हवा हवी होती. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे असा धडा होता, तो इथे रोज डोळ्यांसमोर घडतो. सकाळी जमिनीकडून मतलई, मग तासभर काहीच नाही, माडांच्या झावळ्यासुद्धा हलत नाहीत, आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो जांभ्याच्या कड्यावर आदळून वर चढतो. त्या चढत्या पट्ट्यात विंग ठेवली की झालं.

फेब्रुवारीचा शेवट होता. दुपारी तीनला ताशी २२ किलोमीटर वारा, पण सरळ पश्चिमेचा नव्हे, वायव्येचा. आमचे हे गाडीजवळ सावलीत बसले होते. विंग डोक्यावर आली, दोन पावलं मागे ओढली गेले आणि पाय सुटले. व्हेरिओ, म्हणजे वर चढतोय की खाली ते सांगणारं यंत्र, बीप-बीप करू लागला, त्या आवाजाने घसा दाटून आला. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. डाव्या हाताला सडा, उजवीकडे खाली फेस, आणि पार लांब समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक, जिथे पाकोळ्यांची वसाहत आहे. एक ब्राह्मणी घार माझ्याखालून गेली. पंखही हलवला नाही तिने.

कडा साधारण ५० मीटरचा. मी सड्याच्या ४० मीटर वर, म्हणजे समुद्रापासून ९०. दक्षिणेला कडा तुटतो, मध्ये अर्धा किलोमीटर रुंदीची खाच आहे, आत वाळू आणि होड्या. पलीकडे कडा पुन्हा सुरू. अर्धा किलोमीटर! ब्लॅनिक एक मीटर उतरताना २८ मीटर पुढे जातं. अठरा मीटर उंचीचा खर्च. डोक्याने तोच हिशोब केला आणि हातांनी तो ऐकला.

जाणं स्वस्तात झालं. वारा तिरका पाठीमागून होता. पोचले तेव्हा सड्याच्या कडेखाली होते, पण पलीकडच्या कड्याने उचलून पुन्हा ९० वर नेलं. मी एकटीच मोठ्याने हसत होते. मग वळले.

खरा हिशोब रात्री मामाच्या ओट्यावर कागदावर केला. विंगचा वेग ताशी ३७ किलोमीटर, ग्लाइड ८, म्हणजे एक मीटर उतरताना फक्त ८ मीटर पुढे. जाताना जमिनीवरचा वेग ४९, म्हणून खाच पार करायला ५० मीटरच्या आत उंची खर्च. येताना तोच वारा तिरका समोरून, वेग १८, म्हणजे सव्वाशे मीटर उंची लागणार. हातात ९०. चौथीतल्या पोरानेही नको म्हटलं असतं.

निम्म्या खाचेत कळलं की पोचत नाही. अशा वेळी मोह होतो की जरा समुद्राच्या बाजूने ताणून पाहू. तो सोडला. पाण्यात उतरणं हे झाडात अडकण्यापेक्षा वाईट. विंग पाण्याने भरते, लाइन्स पायात गुंततात आणि हार्नेसमधला, म्हणजे बसायच्या पट्ट्यांच्या झोळीतला, फोम माणसाला तोंडावर पालथं पाडतो. आत वळले. ओहोटीची ओली वाळू होती, पायांवर नीट उतरले, पण विंग पुढे कोसळली ती थेट लाटेच्या टोकात.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे सातआठजण धावत आले. मी ओरडत होते, ओढू नका, फाटेल! कशाला ओढतील ते? आयुष्य जाळ्यात गेलेली माणसं. एका म्हाताऱ्या काकांनी लाइन्सचा गुंता मांडीवर घेतला, एकही गाठ न ओढता, टोक सोडून मधून सैल करत, बोटाच्या पेराने एकेक लाइन बाजूला ठेवत गेले. मी हे काम करायला तासभर घेते. त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. उठताना म्हणाले, "गोड्या पाण्यान धू गो. मीठ खाता सगळ्याक."

पंधरा किलोची पिशवी पाण्याने किती झाली कुणास ठाऊक. पाऊलवाटेने सडा चढून गाडीपाशी येईपर्यंत सूर्य बुडाला होता. ह्यांनी एवढंच विचारलं, "झालं क्रॉस-कंट्री?"

विहिरीवर मामीने राहाट ओढला, मी कप्प्या-कप्प्यातून पाणी सोडून वाळू झटकली. विंग सावलीत ओटीवर पसरली, बाहेर खळ्यात काजूच्या बिया. दुसऱ्या दिवशी टेप लावला तर मागच्या ओळीतल्या दोन लाइन्स आठ-आठ मिलिमीटर आखडल्या होत्या. भिजून सुकल्या की त्या अशा आखडतात, ताण देऊन पूर्ववत कराव्या लागतात. फणसाला एक टोक बांधलं, दुसऱ्या टोकाला मामाचा मासळी तोलायचा ताणकाटा अडकवला. मी ओढत होते आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचत होता: "अठरा... एकोणीस... थांब, हल्लंस! परत ओढ."